खुंटीवरचा कोट

पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका शाळेचा वर्ग आम्हाला संध्याकाळी सात ते दहा तालमीला मिळायचा. बाकं मागं सरकवायची, फळा पुसायचा आणि उरलेल्या जागेत लक्ष्मीबाई टिळकांचं आयुष्य उभं करायचं. एकपात्री प्रयोग होता. मी एकटी, समोर दिग्दर्शक आणि दाराशी स्टूल टाकून बसलेले शाळेचे शिपाईकाका, एवढीच माणसं. चौथ्या की पाचव्या दिवशी सरांनी मला मध्येच थांबवलं.

"तू टिळकांशी, तुझ्या नवऱ्याशी बोलतेस, तेव्हा टिळक कुठं असतात?"

"समोर," मी म्हटलं.

"समोर कुठं? समोर तर भिंत आहे."

मला उत्तर देता येईना. सर उठले, अंगातला तपकिरी कोट काढला आणि नकाशे टांगायच्या खुंटीला अडकवला. कोट खांद्याशी जरा झुकला आणि स्थिर झाला. सर परत जागेवर जाऊन बसले. "हे टिळक. आता बोल यांच्याशी. आणि त्यांचं बोलून झाल्याशिवाय तुझं पुढचं वाक्य घेऊ नकोस."

तेव्हा मला रंगभूमीवर पंचवीस वर्षं झाली होती. सिंधू करून झाली होती, बेणारे करून झाली होती, कावेरीचे तर मोजायचं सोडून द्यावं इतके प्रयोग झाले होते. आणि तरी 'समोरचा माणूस कुठं आहे' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तो प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. नाटकात समोरचा माणूस असतोच. तो चुकला तर चुकलेला दिसतो, त्याच्या कपाळावरचा घाम दिसतो, त्यानं वाक्य वेगळ्या सुरात टाकलं की आपलं वाक्य आपोआप वेगळं निघतं. पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या डोळ्यांवर काम करत आले होते. त्या रात्री एका रिकाम्या कोटाशी बोलताना मला हे पहिल्यांदा कळलं.

माझी सुरुवात नाशिकची. राज्य नाट्य स्पर्धेसाठी आमच्या हौशी संस्थेनं 'एकच प्याला' घ्यायचं ठरवलं. आमच्यात गाणारं कुणी नव्हतं, म्हणून पदं वगळून गद्यात. मी बावीस वर्षांची होते, नायिकेचं, सिंधूचं काम माझ्याकडं होतं आणि वाटत होतं, बरं झालं, पदं गेली, काम सोपं झालं. प्रत्यक्षात उलटंच झालं. नाटककार गडकरी जानेवारी १९१९मध्ये गेले आणि नाटक फेब्रुवारीत गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला रंगमंचावर आणलं. सिंधू उभी राहिलेली गडकऱ्यांनी पाहिलीच नाही. पदं वि. सी. गुर्जरांनी लिहिली, बालगंधर्वांनी ती गायली. पदांमध्ये सिंधूचं दुःख वाहून जायला वाट मिळत असणार, आणि नटाच्या छातीलाही विसावा मिळत असणार. पदं काढली की सिंधूकडं फक्त गडकऱ्यांचं गद्य उरतं. ते गद्य म्हणजे उपमेवर उपमा, एका वाक्याच्या पोटात दुसरं, दुसऱ्याच्या पोटात तिसरं, आणि अर्थाची किल्ली अगदी शेवटच्या शब्दात.

हे शेवटच्या शब्दाचं मला आमच्या संस्थेतल्या एका म्हाताऱ्या नटानं शिकवलं. आम्ही त्यांना काका म्हणायचो. तरुणपणी ते संगीत नाटक कंपनीतून फिरलेले. ते तालमीच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत जाऊन बसायचे आणि माझ्या प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द मोठ्यांदा परत म्हणायचे. ऐकू आला तर. ऐकू आला नाही की गप्प. पहिल्या दिवशी काका जवळजवळ पूर्ण वेळ गप्प होते.

मराठीत क्रियापद शेवटी येतं. 'मी तुम्हाला सोडून जाणार' इथपर्यंत सगळं ऐकू आलं आणि 'नाही' श्वासाबरोबर घशात गेलं, तर शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी बाई घर सोडून निघालेली असते. नवा नट वाक्याच्या सुरुवातीला जोर लावतो. पहिल्या तीन शब्दांत सगळी हवा खर्च होते आणि शेवट जमिनीला टेकतो. काकांनी माझ्या संहितेत शिसपेन्सिलीनं खुणा केल्या. श्वास कुठं पूर्ण घ्यायचा तिथं उभी रेघ, कुठं फक्त चोरायचा तिथं टिंब. गडकऱ्यांचं एक वाक्य मला सात टिंबांत आणि एका रेघेत पार करायचं होतं. मी ते रस्त्यानं चालताना, नळावर कपडे धुताना, रात्री उशी पोटावर ठेवून म्हणत राहिले.

मग जातं आलं. सिंधू दळण दळते तो प्रवेश. आमच्या नेपथ्यवाल्यानं थर्माकोलचं जातं करून दिलं होतं, सुंदर रंगवलेलं. काकांनी ते उचलून बघितलं आणि खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर माझ्या आजोळी आले आणि आम्ही दोघांनी अंगणातलं खरं जातं टेम्पोत घातलं. पंधरा दिवस मी तालमीच्या आधी अर्धा तास फक्त दळायचे. ज्वारी, वाक्य नाही. पहिले दोन दिवस हाताला फोड आले, तिसऱ्या दिवशी लय सापडली. खुंटा आपल्याकडं ओढताना श्वास आत, पलीकडं ढकलताना बाहेर. मग काका म्हणाले, "आता बोल, पण जातं थांबवू नकोस." आणि जे वाक्य सात टिंबांत जात नव्हतं ते दगडाच्या फेऱ्यांवर आपसूक तुटत, जुळत पुढं गेलं. थकवा कुठं दाखवायचा हा प्रश्न उरला नाही. थकवा होताच. मला आजही वाटतं की जुन्या नाटकांची भाषा आपल्याला कृत्रिम वाटते, कारण आपण ती बसून वाचतो. ती अंगमेहनतीनं बोलायची भाषा आहे.

पुण्यात आल्यावर 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली बेणारे मिळाली. १९६७चं नाटक, सुलभा देशपांडे यांनी ते काम केलेलं, त्यामुळं कुणीही ते करायला घेतलं की जुने लोक मान हलवून म्हणणार, आम्ही पाहिलंय. त्याचं मला फार ओझं झालं नाही, कारण नाटकातली एक गोष्टच इतकी अवघड होती की दुसरा विचार करायला वेळ नव्हता. शेवटी न्यायाधीश झालेले काशीकर आरोपी बेणारेला बोलायला दहा सेकंद देतात. तिथं सगळं कोर्ट थिजतं आणि बेणारे तिचं स्वगत बोलते. घड्याळातले दहा सेकंद, आणि त्यात एका बाईचं सगळं आयुष्य. आजूबाजूला सुखात्मे, काशीकर पतिपत्नी, पोंक्षे, कर्णिक, रोकडे, सामंत, सगळे जसेच्या तसे पुतळ्यासारखे.

लोक मला विचारतात, तुम्ही पहिला एकपात्री प्रयोग कधी केलात. मला मनातून म्हणावंसं वाटतं, तेव्हा, बेणारेच्या वेळी, भरल्या रंगमंचावर. कारण त्या स्वगतात कुणीच मला काही देत नव्हतं. तरी तेही पूर्ण खरं नाही. थिजलेल्या माणसांचा श्वास ऐकू येतो. सुखात्म्यांचं काम करणारे गृहस्थ माझ्या डाव्या हाताला दोन पावलांवर होते आणि त्यांचा श्वास माझ्या वाक्यांबरोबर बदलायचा. ते मला बघत नव्हते, पण ऐकत होते. एकदा त्यांना ताप होता आणि दुसऱ्या नटानं ऐनवेळी त्यांचं काम केलं. तो उत्तम थिजला, पापणीसुद्धा हलली नाही. मात्र तो ऐकत नव्हता. मनात मोजत होता बहुतेक, आता किती वेळ उरला. त्या दिवशी स्वगत मला नेहमीपेक्षा दुप्पट लांब वाटलं आणि संपल्यावर घसा बसला. प्रेक्षकांना फरक जाणवला नसेल. मला जाणवला.

'नटसम्राट'मधली कावेरी माझ्याकडं आली तेव्हा मी चाळिशीला पोहोचले होते. शिरवाडकरांचं हे नाटक डिसेंबर १९७०मध्ये आलं. डॉ. श्रीराम लागूंचे अप्पासाहेब बेलवलकर आणि शांता जोगांची कावेरी. नाटक अप्पासाहेबांचं, स्वगतं त्यांची, टाळ्या त्यांच्या. तिला ते 'सरकार' म्हणतात, पण रंगमंचावर सरकारला वाक्यं मोजकी. बऱ्याच नट्यांना हे काम नको असतं. मलाही पहिल्या वाचनाच्या वेळी वाटलं, इथं आपण करणार काय?

त्या वेळच्या दिग्दर्शकांनी एकच गोष्ट विचारली. "अप्पा जे म्हणतात ते कावेरीनं आधी किती वेळा ऐकलं असेल?" मी दोन दिवस त्याचाच विचार केला. नटाची बायको. चाळीस वर्षं घरात नक्कल पाठ होताना ऐकलेली. भाजी निवडताना, मुलांना झोपवताना, नवऱ्याच्या एंट्र्या तोंडपाठ झालेली. म्हणजे अप्पा बोलायला लागले की पुढचा शब्द तिला ठाऊक असतो, आणि म्हातारपणी तो त्यांना आठवेल ना याची धास्तीही असते. हे सापडलं आणि मी काहीही न करता काम उभं राहिलं. अप्पांचं स्वगत सुरू झालं की मी त्यांच्याबरोबर मनात म्हणत जायचे. कधी ओठ हलायचे, ते मी थांबवले नाहीत. आमच्या अप्पांनी एकदा विंगेत सांगितलं, "तू अशी ऐकतेस ना, की मला विसरायची भीतीच वाटत नाही." नटाला नटानं याहून मोठं काही दिलेलं मला माहीत नाही.

मग लक्ष्मीबाई. 'स्मृतिचित्रे' मी पहिल्यांदा वाचलं ते आजारपणात, बिछान्यावर. १९३४पासून भागाभागानं प्रसिद्ध झालेलं हे पुस्तक अजून कुणी शेजारी बसून सांगतंय असं वाटतं. अकराव्या वर्षी लग्न, अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्याकडून. नवरा म्हणजे नारायण वामन टिळक, कवी, तापट, उदार, घरात काही न सांगता निघून जाणारा. त्यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि इकडं लक्ष्मीबाईंचं जग उलटंपालटं झालं. पाच वर्षांनी, १९००मध्ये, त्या स्वतःच्या विचारानं ख्रिस्ती झाल्या. नवऱ्याच्या मागून फरफटत गेल्या नाहीत. विचार करत करत पोहोचल्या. या पाच वर्षांचं नाटक करावं असं मला वाटलं आणि मी सरांकडं गेले.

लेखनात पहिली अडचण अगदी अनपेक्षित ठिकाणी आली. गडकऱ्यांचं वाक्य लांब म्हणून अवघड, लक्ष्मीबाईंचं वाक्य साधं म्हणून अवघड. त्या सर्वांत भयंकर गोष्ट चार शब्दांत सांगतात आणि पुढं जातात. नटाला अशा ठिकाणी थांबून रडावंसं वाटतं. पहिल्या तालमींत मी थांबले, रडले, आवाज कापरा केला. सर काही बोलले नाहीत, फक्त पुस्तक उघडून तेवढा उतारा सपाट आवाजात वाचून दाखवला. वाचून झाल्यावर वर्गात शांतता पसरली. शिपाईकाका डोळे पुसत होते. मला कळायचं ते कळलं.

सामान अगदी थोडं ठेवलं. एक पाट, एक घंगाळ, एक पितळी तांब्या. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्यातून त्यांच्या वडिलांना सोवळ्याचं असं वेड लागलं की सगळं घर त्याखाली भरडून निघालं. हे वडील कसे दाखवायचे? आधी मी ताठ उभी राहून घोगरा आवाज काढायचे. लहान मुलांच्या नाटकातला राक्षस वाटायचा तो. शेवटी आवाज सोडून दिला. घंगाळात तांब्यानं पाणी ओतायचं, परत भरायचं, परत ओतायचं, आणि मुलीच्या उंचीवरून वर बघायचं. पाणी खरं होतं. अंधाऱ्या हॉलमध्ये ते एकसारखं पडणारं पाणी ऐकलं की पुढच्या रांगेतल्या बाया पदर सावरून बसायच्या. वडील एक शब्द बोलत नव्हते, पण घरभर तेच होते.

एकपात्री करणाऱ्याचं सगळं काम उंचीवर चालतं, हे लोकांना फारसं दिसत नाही. वडील कुठल्या उंचीवर, सासरे कुठल्या, लहानगा लेक दत्तू कुठल्या, टिळक कुठल्या. हे एकदा ठरलं की बोटभरही हलवायचं नाही. नजर जिथं पडते तिथं माणूस तयार होतो. आज दत्तू गुडघ्याशी आणि उद्या कमरेशी दिसला, तर प्रेक्षकाला नेमकं काय बिनसलं ते सांगता येत नाही, पण त्याचा विश्वास उडतो. टिळक खुंटीच्या उंचीचे ठरले ते कायमचे. सरांनी तालमीच्या शेवटच्या आठवड्यात कोट काढून घेतला. खुंटी तेवढी राहिली. मग आम्ही दुसऱ्या हॉलमध्ये गेलो आणि खुंटीही राहिली नाही. तरी माझी मान बरोबर तेवढीच वर व्हायची.

हे आमच्या मातीतलंच काम आहे. लहानपणी नाशिकला मी कीर्तनं ऐकत वाढले. कीर्तनकार पूर्वरंग संपवून उत्तररंगात आख्यानाला लागला, की उपरणं या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकेपर्यंत द्रौपदीचा दुःशासन व्हायचा. पुलंनी १९६१मध्ये 'बटाट्याची चाळ' एकट्यानं उभी केली. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये पन्नासहून जास्त माणसं घेऊन यायचे आणि प्रत्येक माणूस वेगळा चालायचा. सुषमा देशपांडे यांचं 'व्हय मी सावित्रीबाई' मी पाहिलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, एक बाई दुसऱ्या बाईचं आयुष्य अशी समोर बसून सांगू शकते, कसलाही डामडौल न करता. ते पाहिलं नसतं तर मी लक्ष्मीबाईंच्या वाटेला गेले नसते.

दौऱ्याचं गणित वेगळंच. नाटकाची बस म्हणजे वीस-पंचवीस माणसं, सेट, कपडेपट, कुणाचं पोट बिघडलेलं, कुणाची भांडणं. एकपात्रीत आम्ही तिघं. मी, प्रकाशाचं बघणारा एक, संगीत सोडणारा एक, आणि एका ट्रंकेत सगळं नाटक. त्यामुळं जिथं नाटक कधी पोहोचत नाही तिथं आम्ही पोहोचलो. वाचनालयाचे हॉल, कॉलेजची सभागृहं, व्याख्यानमालांचे मंडप, एकदा तर आठवडी बाजाराच्या पत्र्याखाली, पावसात. पत्र्यावर पाऊस पडायला लागल्यावर माइकचा काही उपयोग नसतो. तिथं काका आठवले. सगळी वाक्यं छोटी केली, शेवटचा शब्द उचलला, आणि बायका पाट्या पुढं सरकवून जवळ आल्या.

एका गोष्टीचा मात्र मला फार त्रास व्हायचा. काही ठिकाणी प्रयोगाच्या आधी रंगमंचावर शाल-श्रीफळ, भाषणं, दीपप्रज्वलन, मान्यवरांची ओळख. चाळीस मिनिटं मी नऊवारी नेसून, रंगभूषा करून खुर्चीत बसलेली, आणि लोकांनी मला माझ्या नावानं बघितलेलं. त्यानंतर लक्ष्मीबाई व्हायला मला प्रयोगातली पंधरा मिनिटं खर्च करावी लागायची. मी विनंती करायचे, सत्कार नंतर करा. कधी ऐकायचे, कधी नाही. माझं आजही म्हणणं तेच आहे. प्रेक्षकानं नटाला प्रयोगाआधी बघू नये.

नगरचा प्रयोग मी विसरणार नाही. टिळकांचं बरंच काम त्या भागातलं. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा नगर जिल्ह्यातलाच. पुढच्या दोन रांगांत चर्चमधल्या वयस्कर बाया बसल्या होत्या, पांढऱ्या साड्या, हातात पर्स. टिळकांची भजनं मराठी चर्चमध्ये अजून गायली जातात हे मला पुस्तकातून माहीत होतं. प्रयोगात एका ठिकाणी मी टिळक लिहीत बसलेत असं दाखवून फक्त गुणगुणायचे, शब्दांशिवाय, चार-पाच सुरांत. त्या दिवशी मी गुणगुणायला लागले आणि पहिल्या रांगेतून दुसरा आवाज आला, मग तिसरा. त्यांना भजन कळलं होतं आणि त्या ते शब्दांसकट म्हणत होत्या, हळू, माझ्या आवाजाच्या खाली. मी थांबले. त्या थांबल्या नाहीत, कडवं पूर्ण केलं. मी खुंटीच्या उंचीवर बघत ते ऐकत राहिले. मला खरंच वाटलं की टिळकही ऐकतायत.

विदर्भात एका तालुक्याच्या गावी मी ब्लँक झाले. एप्रिल महिना, पंख्यांचा आवाज होतो म्हणून पंखे बंद, हॉलमध्ये घामाचा वास. धर्मांतरानंतर टिळक पहिल्यांदा भेटतात तो प्रसंग. मी त्यांना एक प्रश्न विचारते, ते उत्तर देतात, म्हणजे मी ऐकते, आणि मग माझं वाक्य. प्रश्न विचारून झाला. आणि पुढं काही नाही. वाक्यच नाही. वाक्याचा पहिला शब्दही नाही. नाटकात अशा वेळी समोरचा नट वाक्य उचलतो, काहीतरी जोडून तुम्हाला रुळावर आणतो. विंगेत प्रॉम्प्टर असतो. इथं विंगेत कुणी नव्हतं आणि समोरच्या माणसाला तोंडच नव्हतं.

पाठीतून थंड काहीतरी उतरलं. मी नजर हलवली नाही. हलवली असती तर टिळक गेले असते. मी त्या उंचीवर बघत राहिले आणि मला आठवलं, त्यांचं बोलून झाल्याशिवाय पुढचं वाक्य घेऊ नकोस. मग मी खरंच ऐकायला लागले. काय सांगतायत ते. का गेलात, मला का नाही सांगितलंत, याचं ते काय उत्तर देतायत. किती वेळ गेला माहीत नाही. प्रकाशावर असलेला आमचा मुलगा नंतर म्हणाला, त्याला घाम फुटला होता आणि तो ब्लॅकआउट करायच्या बेतात होता. हॉलमध्ये कुणी हललं नाही. आणि वाक्य आलं. पाठांतरातून आलं असं मला वाटत नाही. समोरून उत्तर आलं म्हणून मला बोलावं लागलं.

प्रयोगानंतर एक म्हातारे गृहस्थ येऊन म्हणाले, तुम्ही त्या प्रश्नानंतर जो पॉज घेता तो फार मोठा आहे. मी त्यांना नमस्कार केला. पुढच्या प्रयोगात मी तोच पॉज मुद्दाम घेऊन बघितला. खोटा पडला. मला स्वतःलाच ऐकू आला त्याचा खोटेपणा. परत कधी घेतला नाही.

बारा वर्षं लक्ष्मीबाई केल्या. त्यानंतर एका संस्थेनं 'नटसम्राट' परत करायला घेतलं आणि कावेरीसाठी मला विचारलं. मी लगेच हो म्हटलं. आता वयही बरोबर होतं, केसांना पावडर लावायची गरज नव्हती. अप्पासाहेबांचं काम करणारा नट माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण तयारीचा, आवाजाला वजन असलेला. पहिल्या चार-पाच तालमी झाल्या. माझी वाक्यं चोख, जागा चोख, सगळे खूष. मला मात्र काहीतरी लागत नव्हतं. अप्पा बोलायचे आणि मी ऐकायचे, पण ते ऐकणं त्यांच्या बोलण्याआधीच तयार असायचं. मी माझ्या डोक्यातल्या अप्पांना ऐकत होते. बारा वर्षं दोन्हीकडचं मीच करत आले होते. प्रश्न माझा, उत्तर माझं, गप्प बसणंही माझं. समोरच्यानं वाक्य जरा सावकाश टाकलं तर मी त्याची वाट न बघता पुढं जायला लागले होते.

सहाव्या तालमीत तो मध्येच थांबला. संकोचानं, दिग्दर्शकाकडं न बघता, माझ्या जवळ येऊन हळू म्हणाला, "ताई, राग मानू नका. तुम्ही माझ्याकडं बघत नाही. माझ्या कपाळाच्या वर कुठंतरी बघताय."

मी बघितलं. खरंच. तो माझ्याहून फारसा उंच नव्हता. माझी मान खुंटीच्या उंचीला वर झाली होती.

मी दिग्दर्शकांना म्हटलं, आजची तालीम आम्ही दोघं बसून करतो. दोन खुर्च्या समोरासमोर घेतल्या, गुडघ्याला गुडघा लागेल अशा. त्यानं स्वगत सुरू केलं. मी त्याच्या डोळ्यांत बघत होते. डाव्या डोळ्यात एक लाल शीर उतरली होती, रात्रीच्या प्रवासाची असेल. तिसऱ्या वाक्याला तो एका शब्दावर अडखळला. मला तो शब्द येत होता. माझे ओठ हलले, आणि त्यानं ते बघितलं.